अळंबीवरील तपकिरी डाग आणि मित्रजिवाणू

बटण अळंबीचा पहिला बहार हा उत्पादकाच्या दृष्टीने मोठ्या समाधानाचा काळ असतो. कंपोस्ट कुजविणे, त्यात बियाणे मिसळणे, केसिंगचा थर देणे आणि त्याची निगा राखणे यांत दोन-अडीच महिन्यांचे श्रम व पैसा खर्ची पडलेला असतो. संध्याकाळी खोलीचे दार लावताना पिशव्यांवर पांढरीशुभ्र, टपोरी अळंबी दिसत असते आणि पहाटे तोडणी करून माल शहराच्या बाजारात पाठवावयाचा, असा बेत ठरलेला असतो. परंतु सकाळी दार उघडावे तो कित्येक टोप्यांवर फिकट पिवळे ठिपके उमटलेले आढळतात, आणि पाहता पाहता ते तपकिरी होतात. वजनात म्हणण्यासारखी घट नसते. तरीही व्यापारी पहिल्या प्रतीचा भाव देण्यास तयार होत नाही. बटण अळंबीचे मोल तिच्या शुभ्र रंगात आहे आणि तो रंगच गेलेला असतो.

अशा वेळी उत्पादकाचा पहिला विचार औषधाचा असतो. परंतु अळंबी हे पीक इतर पिकांप्रमाणे नाही. तिला साल नाही, टरफल नाही. फवारणी केलेली टोपी एक-दोन दिवसांत जशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जाते. शिवाय अळंबी स्वतःच एक बुरशी असल्याने पुष्कळशी औषधे रोगाबरोबर पिकालाही इजा करतात. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी एका निराळ्याच साहाय्यकाचा शोध घेतला. हा साहाय्यक म्हणजे जिवाणूच होय. रोग जिवाणूंमुळे होतो आणि त्यास आवर घालण्याचे कामही दुसरे जिवाणू करू शकतात. हे कसे घडते, त्याचा लाभ कितपत होतो आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, हे प्रत्येक अळंबी उत्पादकाने समजून घेणे हिताचे आहे.

रोगाची ओळख

या रोगास जिवाणूजन्य डाग किंवा तपकिरी डाग असे म्हणतात. प्रथम टोपीवर फिकट पिवळसर ठिपके पडतात. पुढे ते गडद तपकिरी होतात, किंचित खोलगट दिसतात आणि एकमेकांत मिसळून मोठे चट्टे बनतात. दोन टोप्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे, तसेच टोपीच्या ज्या भागावर पाण्याचा थेंब बराच वेळ टिकून राहतो तेथे, डाग आधी दिसतात. रोग बहुधा वरच्या दोन-तीन मिलिमीटर भागापुरताच असतो. टोपी कापून पाहिल्यास आतील गर पांढरा आढळतो. तोडणीच्या वेळी स्वच्छ दिसणारी अळंबीसुद्धा पेटीत ओलसर राहिल्यास बाजारात पोहोचेपर्यंत डागाळते. धिंगरी अळंबीवरही हा रोग येतो. तिच्या टोप्यांवर पिवळसर ते नारिंगी तपकिरी चट्टे पडतात.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ टोलास यांनी १९१५ साली हा रोग जिवाणूंमुळे होतो असे नमूद केले. पुढे १९१९ साली इंग्लंडमध्ये पेन यांनी या जिवाणूचे वर्णन केले आणि टोलास यांच्या नावावरून त्यास नाव मिळाले. आज तो स्युडोमोनास टोलासी या नावाने ओळखला जातो.

हा जिवाणू कोठून तरी दूरवरून येतो असे नाही. केसिंगसाठी वापरलेल्या पदार्थांत, चुनखडीत व पाण्यात तो थोड्याफार प्रमाणात असतोच. पाण्याचे शिंतोडे, तोडणी करणाऱ्यांचे हात, माश्या व कोळी यांच्यावाटे तो एका पिशवीवरून दुसऱ्या पिशवीवर जातो. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या खोलीतही त्याचा वास असू शकतो. मात्र त्याची संख्या अल्प असते तोवर डाग पडत नाहीत. टोपीचा पृष्ठभाग तासन्‌तास ओला राहिला म्हणजे त्या पाण्याच्या पापुद्र्यात जिवाणूंची झपाट्याने वाढ होते आणि पुरेशी संख्या झाल्यावर ते टोलासिन नावाचे विष निर्माण करतात. हे विष अळंबीच्या पेशींच्या आवरणास सूक्ष्म छिद्रे पाडते. पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये बाहेर येतात आणि अळंबीच्याच विकरांच्या क्रियेने तेथे तपकिरी रंग तयार होतो. कापलेले वांगे काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. हा रोग संख्येचा आहे व तो ओलाव्याचा आहे. पुढील सर्व उपाय या दोन गोष्टींभोवती फिरतात.

क्लोरीनच्या पाण्याची मर्यादा

अळंबीच्या पिशव्यांना क्लोरीनयुक्त पाणी देण्याची पद्धत जुनी आहे. दर दशलक्ष भागांत १५० भाग क्लोरीन असलेले पाणी यासाठी वापरतात. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के उपलब्ध क्लोरीन आहे असे धरल्यास १० लिटर पाण्यात ५ ग्रॅम पावडर विरघळवून, गाळ खाली बसू दिल्यावर वरची निवळी घेतली म्हणजे हे प्रमाण साधते. या उपायाने रोगाची तीव्रता कमी होते. परंतु त्याची शक्ती टिकाऊ नसते. केसिंगमधील सेंद्रिय पदार्थांशी संयोग होताच क्लोरीनचा प्रभाव नाहीसा होतो आणि थरात खोलवर राहिलेले जिवाणू पुन्हा वाढू लागतात. शिवाय क्लोरीनला शत्रू व मित्र असा भेद कळत नाही. केसिंगमध्ये असलेले उपयुक्त जिवाणूही त्याने मरतात.

केसिंगमधील जिवाणू उपयुक्त असतात ही गोष्ट काहींना नवी वाटेल. केसिंगचा थर पूर्णपणे निर्जंतुक केला तर कंपोस्टातील पांढरे धागे त्यात चढतात, परंतु त्यास टाचणीच्या डोक्याएवढे कोंब नीट धरत नाहीत. इंग्लंडमध्ये हेस, रँडल व लास्ट यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कोंब धरण्यास केसिंगमधील स्युडोमोनास गटातील जिवाणूंचे साहाय्य होते असे दाखविले. अळंबीच्या धाग्यांतून बाहेर पडणारी, कोंब धरण्यास अडथळा करणारी द्रव्ये हे जिवाणू खाऊन टाकतात. म्हणूनच केसिंगचे मिश्रण उकळून निर्जंतुक न करता ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेवर सहा ते आठ तास ठेवून त्याचे पाश्चरीकरण करतात. अशा रीतीने पुष्कळसे उपद्रवी जीव मरतात आणि काही उपयुक्त जीव शिल्लक राहतात.

ऑस्ट्रेलियातील प्रयोग

केसिंगमध्ये जिवाणूंची वस्ती असणारच, तर ती आपल्या सोयीची का असू नये, हा प्रश्न यातून निघतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील कृषी खात्याच्या रायडलमिअर येथील संशोधन संस्थेत नायर व फाही या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी अनेक जिवाणू वेगळे करून त्यांपैकी कोणते टोलासी जिवाणूस आवर घालतात याची पारख केली. १९७२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवडलेले काही जिवाणू केसिंगमध्ये सोडल्यास डागांचे प्रमाण कमी होते, असे त्यांस आढळले. १९७६ साली प्रयोगशाळेबाहेर, व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या अळंबी उत्पादनातील उपयोगाचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. पुढे स्युडोमोनास फ्लुरोसन्स या जातीतील निवडक वाणापासून तयार केलेले ‘काँकर’ नावाचे द्रव्य तेथे विक्रीस आले. अळंबीच्या रोगावर जिवाणूंचा व्यापारी उपयोग करण्याच्या इतिहासात हा महत्त्वाचा टप्पा होय.

या कार्यातून मिळणारा धडा साधा आहे. शेतात गाजरगवताने जागा व्यापण्यापूर्वीच ताग किंवा तरोटा पेरून ती जागा अडविली तर गाजरगवतास वाव राहत नाही. मित्रजिवाणूंचेही तसेच आहे. ते रोगजिवाणूंच्या आधी आणि त्यांच्याहून कितीतरी पट अधिक संख्येने केसिंगमध्ये असले पाहिजेत. डाग पडल्यानंतर मित्रजिवाणू सोडल्यास पडलेले डाग पुसले जात नाहीत. हा उपाय प्रतिबंधाचा आहे, उपचाराचा नव्हे.

मित्रजिवाणू कार्य कसे करतात?

मित्रजिवाणूंचे कार्य मुख्यत्वे तीन प्रकारे चालते.

पहिला प्रकार स्पर्धेचा. केसिंगमध्ये व टोपीच्या पृष्ठभागावर जिवाणूंना मिळणारे अन्न मर्यादित असते. मित्रजिवाणू ते आधी संपवितात. फ्लुरोसन्स गटातील जिवाणू लोह पकडून ठेवणारे एक पिवळसर हिरवे द्रव्य बाहेर सोडतात व आसपासचे लोह आपल्याकडे ओढून घेतात. लोहावाचून शेजारच्या जिवाणूंची वाढ खुंटते.

दुसरा प्रकार विष निष्प्रभ करण्याचा. जपानमधील शास्त्रज्ञांना धिंगरी वर्गातील अळंबीवर टोलासिनचा प्रभाव नष्ट करणारे जिवाणू आढळले. २००१ साली त्यांचे मायसेटोकोला या नव्या नावाने वर्णन करण्यात आले. हे जिवाणू रोगजिवाणूस ठार न करता त्याचे हत्यार निकामी करतात. ते कसे, याचा उलगडा जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०२० साली केला. टोलासिनच्या रेणूत एक कडी असते. मायसेटोकोला जिवाणू आपल्या विकराने ती कडी तोडून टाकतात. कडी तुटली म्हणजे त्या विषात पेशीस छिद्र पाडण्याचे सामर्थ्य उरत नाही. हे कार्य अद्याप संशोधनाच्या पातळीवरचे आहे, परंतु त्याने पुढील वाट दाखविली आहे.

तिसरा प्रकार प्रतिजैविक द्रव्यांचा. बॅसिलस गटातील काही जिवाणू बुरशीची वाढ रोखणारी द्रव्ये तयार करतात. कंपोस्टात हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, माजल्यास पिशवीच्या पिशवी वाया जाते. या बुरशीविरुद्ध फ्रान्समधील अळंबी उत्पादनात बॅसिलसच्या एका निवडक वाणाचा उपयोग करण्यात आला आहे. येथे अडचण अशी की, हिरवी बुरशी आणि अळंबी या दोन्ही बुरशीच. म्हणून एकीस रोखील पण दुसरीस इजा करणार नाही, असाच वाण पारखून घ्यावा लागतो.

नाव एक, गुण भिन्न

येथे एका महत्त्वाच्या धोक्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांस ‘स्युडोमोनास’ हे नाव परिचित आहे. हरभरा, भाजीपाला इत्यादी पिकांच्या बीजप्रक्रियेसाठी स्युडोमोनास फ्लुरोसन्सची भुकटी कृषी सेवा केंद्रात मिळते. अळंबीवरील डागांना स्युडोमोनास चालतो असे ऐकून हीच भुकटी आणून केसिंगवर शिंपडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. उत्पादकांनी तसे करू नये.

त्याचे पहिले कारण असे की, डाग पाडणारा टोलासी हा फ्लुरोसन्स जिवाणूंचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. एकाच कुळातील एक वाण अळंबीस तारक ठरतो तर दुसरा मारक. बीजप्रक्रियेसाठी निवडलेला वाण मुळांवरील रोगांविरुद्ध पारखलेला असतो. अळंबीच्या टोपीवर तो कसा वागेल याची पारख त्यात झालेली नसते. दुसरे कारण असे की, ती भुकटी बहुधा शंखजिऱ्यात मिसळलेली असते आणि तोडणीस आलेल्या खाद्य मालावर टाकण्यासाठी ती बनविलेली नसते.

तिसरे कारण सुरक्षिततेचे आहे. ऑस्ट्रेलियातील १९७२ सालच्या प्रयोगात परिणामकारक ठरलेल्या जिवाणूंत स्युडोमोनास मल्टिव्होरान्स नावाचाही एक जिवाणू होता. हा जिवाणू आज बर्कहोल्डेरिया सेपेशिया या नावाने ओळखला जातो. तो कांद्याची कूज करतो आणि फुप्फुसाचा विशिष्ट जुनाट विकार असलेल्या माणसांस त्यापासून गंभीर संसर्ग होऊ शकतो. रोगजिवाणूवर मात करणारा प्रत्येक जिवाणू पिकावर सोडण्यास योग्य असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून कोणीतरी घरी पिंपात वाढवून दिलेले, वाणाचे नाव नसलेले द्रावण अळंबीच्या खोलीत आणू नये. जैविक द्रव्याची नोंदणी कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये झालेली आहे काय आणि वेष्टनावर अळंबी हे पीक व डाग हा रोग यांचा उल्लेख आहे काय, हे पाहूनच खरेदी करावी. शंका असल्यास कृषी विद्यापीठाच्या अळंबी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुणे येथील कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तसेच हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून कार्य करीत आहे.

उत्पादकांनी काय करावे?

मित्रजिवाणूंना यश येण्यासाठी खोलीतील परिस्थिती अनुकूल असावी लागते. टोपी दिवसरात्र ओली राहत असेल तर रोगजिवाणूंची वाढ इतक्या वेगाने होते की कोणताही मित्रजिवाणू अपुरा पडतो. म्हणून पुढील गोष्टींकडे प्रथम लक्ष द्यावे. त्यांतील बहुतेकांस पैसा लागत नाही.

१. पाणी दिल्यानंतर दोन-तीन तासांच्या आत टोप्या कोरड्या झाल्या पाहिजेत. पाणी सकाळी द्यावे व त्यानंतर पंखा चालवून हवा खेळती ठेवावी. संध्याकाळी उशिरा पाणी देऊन खोली बंद करू नये.

२. उत्पादनाच्या काळात तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस व हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के राखावी. तापमान एकसारखे ठेवण्यास विशेष महत्त्व आहे. रात्री खोली अचानक थंड झाल्यास हवेतील बाष्प टोप्यांवर दवासारखे जमते. पाणी न देताही डाग का पडले, असा प्रश्न ज्यांस पडतो त्यांनी रात्रीचे तापमान तपासून पाहावे.

३. एकाच वेळी भरपूर पाणी देण्याऐवजी थोडे थोडे द्यावे. कोंब लहान असताना व तोडणी झाल्यावर पाणी देणे अधिक सुरक्षित असते. तोडणीस आलेल्या टोप्यांवर पाणी मारू नये.

४. केसिंगचे मिश्रण योग्य रीतीने पाश्चरीकृत करावे व थंड झाल्यावर स्वच्छ जागी झाकून ठेवावे. उघड्यावर ठेवलेल्या मिश्रणात रोगजिवाणू पुन्हा शिरतात. पाश्चरीकरणानंतर मिश्रणात जिवाणूंची वस्ती विरळ झालेली असते. शिफारस केलेले मित्रजिवाणू उपलब्ध असल्यास ते सोडण्याची हीच वेळ होय.

५. मित्रजिवाणू व क्लोरीनयुक्त पाणी यांचा वापर एकत्र करू नये. ज्या पिशव्यांत मित्रजिवाणू सोडले असतील त्यांना स्वच्छ विहिरीचे किंवा क्लोरीन निघून गेलेले पाणी द्यावे.

६. तोडणी निरोगी पिशव्यांपासून सुरू करावी व डागाळलेली अळंबी शेवटी काढावी. ती जमिनीवर न टाकता पिशवीत भरून खोलीबाहेर न्यावी. नंतर हात व चाकू धुवावेत. दारे-खिडक्यांस बारीक जाळी लावून माश्यांना अटकाव करावा.

७. तोडलेला माल ताबडतोब थंड करावा. थंड पेटीतून गरम हवेत व पुन्हा थंडीत अशी हेलपाट झाल्यास टोप्यांवर पाणी सुटते व डाग वाढतात.

धिंगरी उत्पादकांनीही हेच तत्त्व पाळावे. दिवसातून अनेकदा पाणी फवारण्याची जी प्रथा आहे, तीत दोन फवारण्यांच्या मध्ये टोप्या कोरड्या होतात किंवा नाही हे पाहावे.

स्वतः पडताळा घ्यावा

शिफारस केलेले जैविक द्रव्य हाती आले तरी ते एकदम सर्व पिशव्यांना वापरू नये. एकाच दिवशी केसिंग केलेल्या २० पिशव्या निवडाव्यात. त्यांपैकी १० पिशव्यांना द्रव्य द्यावे व १० पिशव्या तशाच ठेवाव्यात. दोन्ही प्रकारच्या पिशव्या मांडणीवर एकाआड एक ठेवाव्यात, म्हणजे हवा व ओलावा दोघांस सारखाच मिळेल. पहिल्या तीन बहारांत प्रत्येक तोडणीस स्वच्छ अळंबीचे व डागाळलेल्या अळंबीचे वजन वेगवेगळे करून वहीत मांडावे. हंगामाच्या अखेरीस द्रव्याचा खर्च आणि वाचलेल्या मालाचे मूल्य यांची तुलना करावी. फरक दिसला तर पुढील हंगामात वापर वाढवावा; न दिसला तर नुकसान दहा पिशव्यांच्या खर्चापुरतेच राहील. अशी वही विस्तार अधिकाऱ्यास दाखविल्यास तिचा उपयोग गावातील इतर उत्पादकांसही होईल.

अळंबीचा व्यवसाय लहान शेतकऱ्यास व ग्रामीण भगिनींस थोड्या जागेत उत्पन्न देणारा आहे. त्यांच्या हाती भांडवल थोडे असते आणि एक बहार डागाळला तरी पुढील हंगामाच्या बियाण्याचा पैसा अडकतो. त्यांच्यासाठी मित्रजिवाणूंचे शास्त्र आशादायक आहे यात शंका नाही. मात्र या साहाय्यकास काम करण्याजोगी जागा मिळाली पाहिजे. खेळती हवा, कोरडी टोपी आणि स्वच्छ हात ही ती जागा होय. उत्पादकाने एवढे साधले की खोलीतील जिवाणूंचा तोल हळूहळू त्याच्या बाजूस झुकू लागतो आणि सकाळी दार उघडताना पांढरी टोपी पांढरीच पाहावयास मिळते.